चिलर घेण्याआधी हे तपासा: इंडक्शन फर्नेसचं पाणी गरम का होतं

तुमचा प्रश्न मला असा समजला. ५०० किलोवॅट, १००० हर्ट्झची, साधारण १ टनाची मेल्टिंग फर्नेस (विजेने धातू वितळवणारी भट्टी) आहे, कॉइल (भट्टीभोवतीची तांब्याच्या पोकळ नळीची गुंडाळी) आणि पॅनेल (तिला वीज पुरवणारं कपाट) दोन्हीला एकाच टाकीतलं सॉफ्टनरचं पाणी फिरतं, टाकीवर कूलिंग टॉवर (हवेने पाणी गार करणारा) आहे, आणि दुपारी तिसऱ्या चौथ्या हीटला (वितळवण्याच्या फेरीला) पॅनेल 'वॉटर टेम्परेचर हाय' दाखवून ट्रिप होतं. पंपाचं गेज ४ किलो प्रेशर दाखवतंय म्हणजे पाणी व्यवस्थित चालू आहे असं तुमचं म्हणणं, आणि आता चिलर (फ्रिजसारखं पाणी गार करणारं मशीन) लावू की मोठा पंप लावू एवढंच विचारलंय.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. पाणी किती थंड आहे याच्यापेक्षा प्रत्येक पाथमधून (पाण्याच्या वेगवेगळ्या वाटेतून) ते किती जातंय आणि त्यात काय काय विरघळलेलं आहे हे आधी बघावं लागतं, आणि ते बघितलं की बऱ्याच वेळा चिलरची गोष्टच निघत नाही.

पहिल्यांदा उष्णता येते कुठून ते बघू. कोअरलेस फर्नेसमध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या लोखंडी गाभा नसलेल्या भट्टीत, तुम्ही जेवढी पॉवर देता त्यातली ढोबळ पाव भाग पाण्यात जाते. सगळ्यात मोठा वाटा कॉइलच्या तांब्याचा स्वतःचा लॉस, त्यात लायनिंगमधून (भट्टीच्या आतल्या अस्तरातून) झिरपून येणारी उष्णता मिळते, आणि मग पॅनेलमधले एससीआर म्हणजे थायरिस्टर (मोठा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), रिअॅक्टर, कपॅसिटर, बसबार, वॉटर कूल्ड केबल. तुमच्या ५०० किलोवॅटला १२५ किलोवॅटच्या आसपास धरा, त्यातले १०० कॉइलकडचे आणि २५ पॅनेल-कपॅसिटरकडचे. हे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये जे असतील तेच खरे.

आता हे गणित पाठच करून टाका: किलोवॅट = लिटर प्रति मिनिट गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.०७. बास. म्हणजे कॉइलच्या १०० किलोवॅटला इनलेट-आउटलेटमध्ये १५ डिग्री फरक चालवायचा तर साधारण ९५ लिटर प्रति मिनिट लागतात, आणि पॅनेलच्या २५ ला ८ डिग्री फरक ठेवायचा तर ४५. तुमच्याकडे फ्लोमीटर आहे का ते लिहिलेलं नाही, बहुतेक नसेलच, कारण ज्यांच्याकडे असतो ते लोक गेजचा आकडा सांगत नाहीत.

आणि गेजवर एवढा भरवसा का ठेवू नये तेही सांगतो. पाथ चोंदला की इनलेटचं प्रेशर कमी होत नाही, उलट वाढतं. पाणी कमी जातंय आणि काटा खुशाल वर उभा. गेज खाली आलं की पंपाची किंवा लिकेजची शंका घ्या, गेज हळूहळू महिनोन्महिने वर चाललंय तर कुठेतरी गाळ बसतोय असं समजा. प्रेशर बघायचंच असेल तर सप्लाय आणि रिटर्न हेडरमधला (सगळे पाथ जिथून निघतात आणि जिथे परत मिळतात त्या मोठ्या पाइपांमधला) फरक बघा, नुसता इनलेटचा आकडा अर्धवट माहिती देतो.

याच्याही पुढची गंमत म्हणजे कॉमन हेडरवरचा थर्मामीटर. समजा कॉइलला ४ पाथ आहेत, प्रत्येकातून २४ लिटर, प्रत्येकाकडे २५ किलोवॅट, इनलेट ३५ डिग्री. चारही पाथ ५० ने बाहेर येतात. आता एका पाथमध्ये गाळ अडकला आणि तिथला फ्लो २४ चा ६ झाला. त्या पाथचं पाणी ९५ डिग्रीला जाईल, म्हणजे आत तांब्याच्या अंगाला वाफेचे बुडबुडे धरायला सुरुवात झालेली असणार, आणि हेडरवर काय दिसेल? ५३ साडेतेपन्न. कारण त्या पाथमधून पाणीच एवढं कमी येतंय की बाकी तिघांच्या पाण्यात ते लपून जातं. ऑपरेटर म्हणणार आज जरा ऊन जास्त आहे. म्हणून प्रत्येक पाथच्या आउटलेटला स्वतंत्र टेम्परेचर स्विच आणि फ्लो स्विच हवाच, आणि तो वायरने शॉर्ट करून ठेवलेला नसावा. शॉर्ट केलेले फ्लो स्विच मी इतक्या ठिकाणी बघितलेत की आता पॅनेल उघडलं की आधी तेच शोधतो.

तर तुमचं पहिलं काम हे. फर्नेस रिकामी आणि पूर्ण थंड, पॉवर बंद, आयसोलेटर ओढून लॉक केलेला, कपॅसिटर डिस्चार्ज झालेत याची मीटरने खात्री, आणि मग पंप चालू ठेवून एकेक पाथचा रिटर्न होज काढून बादली आणि स्टॉपवॉच. बादली किती सेकंदात भरली ते पाथप्रमाणे वहीत लिहा. पॅनेलमधले एससीआर हीटसिंकचे पाथसुद्धा, तिथे पाणी कमी असतं म्हणून छोटं माप घ्या. होज मोकळा सोडला की रिटर्नचा विरोध जातो त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येतो, पण आपल्याला पाथ-पाथमधली तुलना हवी आहे आणि ती यातून स्वच्छ दिसते. एकसारख्या पाथमध्ये एखादा दुसऱ्यांच्या निम्म्यावर असेल तर तुमचा चोर सापडला. चालू फर्नेसवर बघायचं तर लांबून इन्फ्रारेड गन वापरा, पण चकचकीत पितळी निपलवर (होज जोडायच्या तोंडावर) ती गन भलतंच कमी तापमान दाखवते, म्हणून बंद असताना आउटलेटला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा आणि तिच्यावर नेम धरा. चालू असताना होजला हात लावून बघायची सवय कुणाला असेल तर ती मोडा, आत कॉइलच्या व्होल्टेजला जोडलेलं पाणी आहे आणि तुमचं पाणी डीएम (क्षार काढलेलं) नाही.

इथून पाण्याच्या क्वालिटीवर येतो, कारण माझ्या मते तुमचा खरा आजार हाच आहे.

सॉफ्टनर लावला म्हणजे पाणी शुद्ध झालं असा एक गोड गैरसमज सगळीकडे आहे. सॉफ्टनर फक्त कॅल्शियम मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. क्षार तेवढेच राहतात, नुसती जात बदलते, कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) जिथल्या तिथे. कॉइलमध्ये स्केल (क्षारांचा कडक थर) बसू नये याला सॉफ्टनरचा उपयोग आहे, नाही असं नाही, पण पॅनेलला त्याने काही फायदा नाही. त्यात तुमची टाकी उघडी आणि टॉवर त्याच पाण्यावर, म्हणजे रोज पाणी उडतंय आणि क्षार मागे राहतायत. १२५ किलोवॅट उष्णता टॉवरने बाष्पीभवनातून काढायची तर तासाला १८०-१९० लिटर पाणी उडतं. ब्लोडाउन करत नसाल, म्हणजे थोडं दाट पाणी टाकून देत नसाल, तर महिन्याभरात त्या टाकीत मूळ पाण्याच्या कितीतरी पट दाट पाणी फिरत असणार. क्षार मूळच्या ४ पटीवर धरून ठेवायचे तर तासाला ६० लिटरच्या आसपास टाकून द्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. शिवाय टॉवर हवा धुतो, हवेतली धूळ, फाउंड्रीत तर बारीक वाळू आणि धूर, सगळं त्याच पाण्यात.

आता हे पाणी कॉइलमध्ये काय करतं बघा. १००० हर्ट्झला तांब्यात करंट फक्त साधारण २ मिमी खोलीपर्यंत वाहतो, तोसुद्धा नळीच्या मेटलकडच्या बाजूने. लायनिंगची उष्णतापण त्याच बाजूने येते. म्हणजे नळीची तीच एक भिंत सगळ्यात गरम, आणि कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव असा की पाणी तापलं की तो कमी विरघळतो, त्यामुळे स्केल बरोबर त्याच भिंतीवर आतून बसतो. तो उष्णता तांब्याच्या शेकडो पट कमी वाहून नेतो. एक मिलिमीटरचा पापुद्रा म्हणजे पाणी आणि तांब्याच्या मध्ये घोंगडी टाकल्यासारखं, पाणी थंडच लागतं आणि तांबं आतल्या आत भाजत राहतं. म्हणून आउटलेटचं तापमान नॉर्मल असूनही कॉइलचं इन्सुलेशन काळं पडलेलं दिसतं. साधारण ६० डिग्रीच्या वर आउटलेट नेऊ नका असं जे सांगतात त्याच्यामागे हेच मोठं कारण, तिथून पुढे स्केलचा वेग फार वाढतो.

पॅनेलमधली भानगड वेगळीच. तिथे डीसी बसचं व्होल्टेज असतं, समजा ५०० व्होल्ट, आणि पाण्याचा होज हा दोन वेगळ्या व्होल्टेजच्या तुकड्यांना जोडणारा एक रेझिस्टरच झाला. १२ मिमी बोअरचा १ मीटर होज, पाणी ५०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटरचं (हे कंडक्टिव्हिटीचं माप), तर त्यातून पावणेतीन मिलीअँपिअर जवळपास जातात. किरकोळ वाटतं ना? पण डीसी आहे, एकाच दिशेने जातो, आणि तो सगळाच तांबं विरघळवण्यात गेला असं धरलं तर वर्षभर अखंड चालताना २५ ते ३० ग्रॅम तांबं एकाच निपलमधून निघून जाईल. निपलचं वजन किती असतं ते तुम्हीच बघा. तेच पाणी २० मायक्रोसीमेन्सचं असेल तर करंट पंचवीस पटीने कमी. म्हणून पॅनेलच्या सर्किटला डीएम वॉटर, कंडक्टिव्हिटी ५० च्या खाली, आणि शक्यतो २० च्या आसपास. खाल्लं गेलेलं तांबं पुढे हिरवट-काळा गाळ होऊन हीटसिंकच्या बारीक वाटांमध्ये अडकतं आणि तिथला फ्लो कमी होतो. एससीआरचं जंक्शन साधारण १२५ डिग्रीपर्यंतच सहन करतं, हीटसिंक वरचेवर तापत राहिला की एखाद्या दुपारी थायरिस्टर उडतो आणि सगळे म्हणतात थायरिस्टर डुप्लिकेट होता.

यालाच जोडून होजबद्दल. बाजारात मिळणारा काळा रबर होज कुठलाही उचलून लावू नका, काळेपणासाठी आणि ताकदीसाठी त्यात कार्बन ब्लॅक असतो आणि काही होज त्यामुळे चक्क वीज वाहून नेतात. फर्नेससाठी नॉन-कंडक्टिव्ह होजच घ्या, आणि तोसुद्धा लांबीला कंजुषी न करता, कारण लांबी दुप्पट केली की लिकेज करंट निम्मा. मूळ मशीनमध्ये गुंडाळी करून ठेवलेला लांब होज दिसला की मेंटेनन्सवाले तो 'उगाच लांब आहे' म्हणून कापून सरळ करतात. तो उगाच नसतो. काही मेकर निपलच्या आधी स्टेनलेसचा बळीचा बकरा बसवतात, म्हणजे झिजायचं ते त्याने झिजावं, तो दरवर्षी काढून बघा.

तर मी काय करेन: पॅनेलचं आणि कॉइलचं पाणी वेगळं करेन. पॅनेलसाठी छोटं क्लोज्ड लूप, डीएम वॉटर, स्टेनलेस किंवा चांगल्या प्लास्टिकची पाइपिंग, त्यात जीआय, माइल्ड स्टील, अॅल्युमिनियम काही नको, एक छोटी एक्स्पान्शन टाकी झाकणाची, आणि बाजूच्या लाइनला मिक्स्ड बेड रेझिनचं (पाण्यातले क्षार धरून ठेवणारं) कार्ट्रिज ज्यातून थोडं थोडं पाणी सतत फिरत राहील. कंडक्टिव्हिटी मीटर कायमचा लावलेला. आणि हे लूप प्लेट हीट एक्स्चेंजरच्या (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या प्लेटांच्या) एका बाजूला, दुसऱ्या बाजूला टॉवरचं पाणी. कॉइललाही असंच दुसरं क्लोज्ड लूप दिलंत तर उत्तम, तिथे एवढं कडक डीएम लागत नाही, दोनशे-तीनशे मायक्रोसीमेन्स बऱ्याच मेकरना चालतं. टॉवरचं घाण पाणी मग फक्त प्लेटांपर्यंतच, आणि प्लेटा उघडून धुता येतात, कॉइल उघडता येत नाही.

वेगळं करायचं अजून एक कारण म्हणजे दोघांच्या गरजाच वेगळ्या. पॅनेलला इनलेट ३५, फार तर ४० डिग्री, त्याच्यावर ते कुरकुरतं. कॉइलला ४५ नेही काही होत नाही जर फ्लो नीट असेल. तुम्ही दोघांना एकाच टाकीत बांधलंत, त्यामुळे कॉइलची १०० किलोवॅट उष्णता पॅनेलच्या इनलेटवर जाऊन बसते आणि ट्रिप पॅनेल होतं. दुपारीच का, तर टॉवर वेट बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरच्या तापमानाच्या) ३-४ डिग्री वरपर्यंतच पाणी आणू शकतो, पुढे एक्स्चेंजर असेल तर त्याचे अजून ३-४. वेट बल्ब २७ असेल तर ३१ टॉवरचं, ३५ लूपचं. हे जमतं. पण तुमच्या टॉवरचे फिल्स (पाणी पसरवणाऱ्या जाळ्या) चोंदलेले असतील, फॅनचा बेल्ट सैल असेल, नोझल बंद असतील तर तेच ४० ला जातं, म्हणून तेही एकदा वर चढून बघा. टॉवर स्वच्छ ठेवायला आणखी एक कारण म्हणजे कोमट पाण्यात लेजिओनेला हा रोगजंतू वाढतो, बायोसाइड टाळू नका.

चिलर. १२५ किलोवॅट म्हणजे ३५ टनाचा (हा गारव्याचा टन, वजनाचा नाही) चिलर झाला, तो ३०-४० किलोवॅट वीज सतत खाणार. जे काम टॉवरचा फॅन आणि पंप मिळून थोडक्यात करतात त्याच्यासाठी. आणि वीज राहू द्या बाजूला, धोका दुसराच आहे. हवा ३२ डिग्री आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर दवबिंदू २७ डिग्री. चिलरवाला हौसेने २० डिग्रीवर सेट करून जातो, आणि पॅनेलच्या आत बसबारवर, थायरिस्टरवर, कपॅसिटरच्या टर्मिनलवर घाम फुटतो. कॉइलवर फुटला तर ग्राउंड लीक डिटेक्टर ट्रिप व्हायला लागतो, आणि मग कुणीतरी तो डिटेक्टरच बायपास करतं, हे तर अतिशय वाईट, कारण मेटल लायनिंग फोडून कॉइलकडे सरकतंय हे सांगणारा तो एकच पहारेकरी आहे. म्हणून पाणी दवबिंदूच्या वर, ३० ते ३५ च्या पट्ट्यात ठेवायचं. थंड दमट रात्री टॉवरसुद्धा पाणी जास्त थंड करतो, त्याच्या फॅनला थर्मोस्टॅट लावा. चिलर वाईट असं मी म्हणत नाही. हाय फ्रिक्वेन्सीच्या छोट्या हार्डनिंग मशीनला तो शोभतो, तिथे कॉइलची नळी बारीक, उष्णता कमी आणि तापमान स्थिर लागतं. तुमच्या मेल्टिंगला वेट बल्बच खूप जास्त असेल तर फक्त पॅनेलच्या २५ किलोवॅटला छोटा चिलर द्या, तोही ३० वर सेट करून.

तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं ते म्हणजे लाइट गेली की पाण्याचं काय. पॉवर गेली की पॅनेलची उष्णता त्याच क्षणी बंद, त्याला पाणी नाही मिळालं तरी काही बिघडत नाही. कॉइलचं तसं नाही. आत १६०० डिग्रीचं एक टन मेटल आणि लाल झालेलं लायनिंग बसलंय, ते तासन् तास कॉइलकडे उष्णता ढकलत राहणार. पाणी थांबलं की नळीत उकळणार, वाफ होणार, होज सुटणार, आणि फुटलेल्या कॉइलचं पाणी लायनिंगमधून मेटलखाली गेलं तर पुढचं बोलायलाच नको, पाण्याची वाफ होताना आकारमान १७०० पटीच्या आसपास वाढतं.

तुमच्यासाठी हिशोब करू. लायनिंगमधून २० किलोवॅट येतंय धरा, फरक २८-३० डिग्री चालवला तर मिनिटाला १० लिटर लागतात, म्हणजे तासाला ६००. दोन हजार लिटरची ओव्हरहेड टाकी तीन तास. हा कमीत कमी आकडा आहे, हातात दुप्पट तरी ठेवा. प्रेशरचं काय, टाकी फक्त पाच मीटर वर आहे असं कुणी म्हणेल, तर प्रेशर ड्रॉप फ्लोच्या वर्गाने जातो. फ्लो साधारण एक दशांश लागतोय तर प्रेशर एक शतांश पुरतं, त्यामुळे ग्रॅव्हिटीवर आरामात चालतं, जर पाथ स्वच्छ असतील तर. चोंदलेला पाथ इथे पहिला दगा देतो.

पण टाकी असून उपयोग होत नाही अशा जागा खूप आहेत. इमर्जन्सी व्हॉल्व्ह हाताने उघडायचा आणि तो पंपरूमच्या मागे अंधारात. किंवा तो उघडतो पण रिटर्न क्लोज्ड लूपमध्येच जातोय, ड्रेनला वाट नाही, मग पाणी जाणार कुठे. किंवा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह अडकलाय आणि सगळं पाणी बंद पंपातून उलटं टाकीत. व्हॉल्व्ह असा असावा की प्रेशर गेलं की आपोआप उघडेल, आउटलेट उघड्या नाळीत पडेल म्हणजे डोळ्यांना दिसेल, आणि महिन्यातून एकदा फर्नेस थंड असताना मेन पंप बंद करून ते खरंच चालतं का ते बघायचं. त्याच वेळी टिल्टिंगचा (भट्टी कलती करायचा) हँडपंपही चालवून बघा, मेटल ओतून टाकता आलं तर अर्धं संकट तिथेच संपतं. आणि समजा कॉइल कोरडी पडून तापलीच, तर पाणी एकदम फुल उघडायचं नाही. माणसं लांब, व्हॉल्व्ह अगदी किंचित, वाफ बाहेर पडू द्यायची, मग हळूहळू वाढवायचं. शेवटची हीट झाल्यावर रात्री पंप लगेच बंद करण्याची जी पद्धत असते तीही याच कारणासाठी बंद करा, लायनिंग थंड होईपर्यंत, म्हणजे आउटलेट इनलेटच्या जवळ येईपर्यंत पाणी फिरू द्या, हवं तर छोट्या पंपावर.

बादलीच्या टेस्टमध्ये चोंदलेला पाथ सापडला तर आधी उलट्या दिशेने पाणी सोडून आणि हवेने गाळ निघतो का बघा. नाही निघाला तर स्केल आहे, त्याला सल्फामिक किंवा सायट्रिक अॅसिडचं सौम्य, इनहिबिटर (तांबं खाल्लं जाऊ नये म्हणून घालायचं रसायन) टाकलेलं द्रावण त्या एकाच पाथमधून छोट्या पंपाने फिरवायचं, फर्नेस रिकामी आणि थंड, पॅनेल पूर्ण वेगळं केलेलं. फेस यायचा थांबला की थांबा, न्यूट्रल करा, भरपूर पाण्याने धुवा. साधं हायड्रोक्लोरिक ओतून मोकळं व्हायचा मोह टाळा, तांब्याला आणि ब्रेझिंगच्या जॉइंटला ते सोडत नाही. नंतर स्ट्रेनर साफ, कारण सुटलेले पापुद्रे तिथेच येऊन बसतात. गाडीचा कूलंट टाकून गंज थांबवायची आयडिया कुणी दिली तर नको, त्यातली केमिकल्स कंडक्टिव्हिटी वाढवतात.

राहिला मोठा पंप. फ्लो दुप्पट करायचा तर प्रेशर चौपट लागतं, ते होज आणि क्लिपना झेपणार नाही, आणि चोंदलेल्या पाथला त्यातून मिळणारा वाटा कमीचा कमीच, जास्तीचं पाणी मोकळ्या पाथमधून पळणार. पाथ साफ झाले, पॅनेल वेगळं झालं, तरी बादलीचा आकडा मॅन्युअलपेक्षा कमी येत असेल तर पंपाचा इंपेलर (आतलं फिरतं चक्र) झिजलाय का बघा, बऱ्याचदा नवीन पंप नाही, नवीन इंपेलर लागतो. आणि रिटर्न हेडरवर एक गेज लावा. तिथे गेजसाठी जागा बहुतेक ठेवलेली असते, फक्त प्लग मारलेला असतो.